मोर्चा, एसटी बस आणि प्लास्टिकच्या पट्ट्या : एका बंदोबस्ताचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी, उन्हाळ्याच्या दिवसांत, भूसंपादनाच्या थकलेल्या मोबदल्यासाठी शेतकऱ्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला होता. त्या मोर्चाच्या बंदोबस्तात जे घडले त्याची ही नोंद आहे. गावाची, वेळेची आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत. घटनांचा क्रम आणि प्रत्येक टप्प्यावर घेतलेले निर्णय तसेच ठेवले आहेत.

शहरात महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ (३) खाली जमावबंदीचा आदेश लागू होता. मोर्चातील बहुतेक माणसे चाळिशीच्या पुढची होती आणि स्त्रियांची संख्याही बरीच होती. बंदोबस्ताची जबाबदारी एका पोलीस निरीक्षकाकडे होती. त्यांच्या हाताशी दोन उपनिरीक्षक, दंगल नियंत्रण पथकाची एक तुकडी, महिला अंमलदार, जाळी लावलेली एक पिंजरा गाडी आणि भाड्याने घेतलेल्या दोन एसटी बस होत्या. याच शहरात पूर्वीच्या एका आंदोलनात ताब्यात घेतलेले कार्यकर्ते बसच्या खिडक्यांतून उतरून पुन्हा रस्त्यावर बसले होते. तो अनुभव निरीक्षकांच्या मनात ताजा होता आणि पुढचा निर्णय समजून घेण्यासाठी तो लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

पिंजरा गाडीत, चालकाच्या समोरच्या खणात, निवडणूक बंदोबस्तासाठी घेतलेल्या, बेडीऐवजी मनगटे बांधायच्या, एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांचा एक गठ्ठा पडून होता. त्या बांधण्याचे प्रशिक्षण पथकातील काही जणांनाच मिळाले होते. त्या सोडवण्याची खास कातरी एकच होती आणि ती निरीक्षकांच्या जीपमध्ये होती.

पट्टीचे गुणधर्म

पोलादी बेडीला किल्ली असते. ती सैल करता येते आणि दुहेरी कुलूप लावले की ती आपोआप आवळत नाही. नायलॉनच्या पट्टीत यांपैकी काहीच नसते. तिच्या दातांवरून सरकणारी जिभली पट्टीला पुढेच जाऊ देते, मागे येऊ देत नाही. म्हणून पट्टी आणखी घट्ट होऊ शकते, पण कापल्याशिवाय सैल होत नाही. बांधताना बरोबर वाटलेली पट्टी, हात खाली लोंबत राहून उन्हात सुजल्यावर, तेवढ्याच मापाची असूनही घट्ट ठरते. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला एक संवेदी मज्जातंतू त्वचेच्या अगदी खालून जातो. त्याच्यावर दाब राहिला की अंगठ्याच्या मागची आणि पंजाच्या पाठीवरची जागा बधिर होते. बहुतेकांचा हा त्रास काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतो, काहींचा राहून जातो. मधुमेहाच्या रुग्णांच्या नसा आधीच दुबळ्या असल्यामुळे त्यांना धोका अधिक असतो.

आणखी एक गोष्ट साठवणुकीची. नायलॉन सतत ऊन खाऊन ठिसूळ होतो. काचेमागे तापणाऱ्या खणात महिनोन्‌महिने पडलेली पट्टी ऐन वेळी तुटू शकते, आणि एक तुटली की बांधणारा पुढची जोर लावून ओढतो. या प्रकरणात नेमके हेच झाले.

पेच

दुपारी शिष्टमंडळ आत गेले. बाहेर अफवा पसरली की जिल्हाधिकारी भेटणार नाहीत. पुढच्या फळीतील चार-पाच तरुणांनी लोखंडी अडथळे ढकलले, एक अडथळा अंमलदाराच्या पायावर पडला आणि फाटकाशी झटापट झाली. ती काही मिनिटांत थांबली. त्यानंतर सुमारे साठ जणांनी फाटकासमोर बैठक मारली आणि उठण्यास नकार दिला.

आता निरीक्षकांसमोर दोन वेगळ्या गटांची माणसे होती. एका गटाने बळ वापरले होते, तर दुसरा फक्त बसून होता. पुढच्या अर्ध्या तासात हा फरक हातातून निसटला आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची गाठ इथेच आहे.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय वाट पाहण्याचा होता. शिष्टमंडळ आतच होते आणि त्यातील एकाला बाहेर आणून बोलायला लावता आले असते. परंतु कार्यालय सुटण्याची वेळ जवळ येत होती, आत अडकलेले कर्मचारी आणि कामासाठी आलेली माणसे बाहेर पडू पाहत होती, आणि वरून रस्ता मोकळा करण्याबद्दल विचारणा सुरू झाली होती.

दुसरा पर्याय सगळ्यांना न बांधता उचलून वाहनांत बसवण्याचा होता. अधिनियमाच्या कलम ६८ खाली पोलिसांच्या वाजवी सूचना पाळणे बंधनकारक आहे. ज्यांनी त्या पाळल्या नाहीत त्यांना कलम ६९ खाली हटवता येते आणि किरकोळ बाबींत प्रसंग टळल्यावर सोडून देता येते. आंदोलनांत रोज वापरली जाते ती हीच तरतूद. संध्याकाळी सोडायच्याच माणसाला बांधण्याची गरज मुळात क्वचित पडते.

तिसरा पर्याय झटापट केलेल्यांनाच बांधून पिंजरा गाडीत नेण्याचा आणि उरलेल्यांना मोकळ्या हातांनी बसमधून नेण्याचा होता.

चौथा पर्याय सगळ्या पुरुषांना बांधण्याचा होता, आणि निरीक्षकांनी तोच निवडला. नंतरच्या जबाबात त्यांनी दिलेली कारणे पोकळ नव्हती. बसच्या खिडक्यांना जाळी नव्हती, प्रत्येक बसमध्ये चारच अंमलदार देता येत होते, आणि मागचा अनुभव वाईट होता. तरीही ही सगळी कारणे वाहनांबद्दलची आणि मनुष्यबळाबद्दलची आहेत. बांधल्या जाणाऱ्या एकाही माणसाच्या वागण्याबद्दलचे कारण त्यांत नाही.

कायद्याची चौकट इथे पुरेशी स्पष्ट आहे. १९८० मध्ये प्रेम शंकर शुक्ला विरुद्ध दिल्ली प्रशासन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरसकट बेड्या घालता येणार नाहीत. पळून जाण्याचा खरा धोका असेल आणि दुसरा मार्ग नसेल तरच बेडी, तीही कारण लिहून. १९९५ मध्ये सिटिझन्स फॉर डेमोक्रसी विरुद्ध आसाम राज्य या प्रकरणात, रुग्णालयातील स्थानबद्धांना बेड्या घालून वर दोरखंडाने बांधल्याची गंभीर दखल घेत न्यायालयाने हेच आणखी कडकपणे बजावले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ (३) ने बेडी वापरण्याची मुभा दिली आहे, पण ती सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेले आरोपी आणि खून, बलात्कार, दहशतवादी कृत्य, अमली पदार्थ, संघटित गुन्हेगारी यांसारख्या नेमक्या गुन्ह्यांपुरती. निसटून जाण्यास प्रतिबंध होण्यापुरताच अटकाव करावा, त्याहून अधिक नको, हे तत्त्व याच संहितेच्या कलम ४६ मध्ये कायम आहे. फाटकासमोर बसलेला शेतकरी यांपैकी कोणत्याही यादीत बसत नाही. बंधन पोलादाचे नसून प्लास्टिकचे आहे, एवढ्याने हा प्रश्न बदलत नाही.

प्रत्यक्षात काय केले

पुरुषांचे हात पाठीमागे घेऊन पट्ट्या बांधण्यात आल्या. सुरुवातीच्या दोन-तीन पट्ट्या ओढतानाच तुटल्या आणि त्यानंतर पथकाचा हात जड झाला. पट्टी आणि मनगट यांच्यामध्ये बोटाचे टोक जाईल एवढी जागा ठेवावी, पट्टी मनगटाच्या हाडावर येऊ देऊ नये, आणि बांधणाऱ्याने लगेच दोन्ही बाजूंनी बोट फिरवून पाहावे, हे प्रशिक्षितांना ठाऊक होते. पण बांधणारे सगळे प्रशिक्षित नव्हते. दोघा-तिघांचे घड्याळ आणि हातातले कडे न काढताच वरून पट्टी ओढली गेली.

मग गठ्ठा संपला. एका अंमलदाराला समोरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात पाठवून वायरी बांधायचे केबल टाय आणवले गेले आणि उरलेल्यांना ते लावले. हे तपशिलाने सांगण्याचे कारण असे की बाहेरून दोन्ही वस्तू सारख्याच दिसतात आणि अनेक ठिकाणी असे बदल सहज केले जातात. केबल टाय वायरींसाठी बनवलेला असतो. तो अरुंद असतो, त्याच्या कडा बोथट केलेल्या नसतात, आणि तेवढ्याच ओढीने तो कातडीत कितीतरी अधिक रुततो. खास पट्टी रुंद असते आणि तिला दोन मनगटांसाठी दोन स्वतंत्र फासे असतात. केबल टायमध्ये दोन्ही मनगटे एकाच फाशात एकमेकांवर दाबली जातात. पट्टी संपणे हा बांधणे थांबवण्याचा स्वाभाविक क्षण होता, आणि तो क्षण कुणी ओळखला नाही.

महिला अंमलदारांच्या बाजूला वेगळे घडले. तिथल्या महिला हवालदारांना पट्ट्या देऊ केल्या तेव्हा त्यांनी त्या घेतल्या नाहीत. त्यांचे कारण साधे होते. बहुतेक बायकांच्या हातांत काचेच्या बांगड्या होत्या. पट्टीखाली बांगडी फुटली तर काच मनगटात घुसेल आणि बांगड्या उतरवायला लावल्या तर वेगळाच संताप उसळेल, असे त्यांनी उपनिरीक्षकांना सांगितले. त्या बायकांना हाताला धरून बसमध्ये बसवले, बाकांच्या कडेला महिला अंमलदार बसल्या, आणि त्यांच्यापैकी एकही खिडकीतून उतरली नाही. त्याच मोर्चातली, त्याच रागातली माणसे, तसलीच बिनजाळीची बस आणि मोकळे हात. पुरुषांना बांधणे अपरिहार्य होते का, या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर कोणत्याही चौकशीला मिळाले नसते.

बसमधला वेळ

पोलीस मुख्यालयाचे मैदान पंधरा मिनिटांच्या अंतरावर होते. वाटेतल्या चौकात मोर्चाच्या समर्थनार्थ रास्ता रोको सुरू झाल्याने पुरुषांची बस तासाहून अधिक वेळ अडकली.

पाठीमागे बांधलेल्या हातांनी बाकावर बसलेला माणूस मागे टेकला की त्याच्या शरीराचा भार मनगटांवर येतो. पुढे वाकला तर ब्रेक लागताच तोंडावर आपटतो, कारण सावरायला हात मोकळे नसतात. बसमध्ये उकाडा होता. पंचावन्नच्या आसपासचे एक गृहस्थ, ज्यांना केबल टाय लावला होता, ते काही वेळाने म्हणाले, ‘साहेब, हाताला मुंग्या आल्यात.’ शेजारच्या अंमलदाराने उत्तर दिले, ‘काका, थोडं सहन करा, मैदानात पोचलो की सोडतोच.’ आणखी काही वेळाने ते म्हणाले, ‘हात मेलाय माझा. मला शुगर आहे.’

बसमधील हवालदारांनी उठून त्यांच्या हाताकडे पाहिले. बोटांचा रंग बदलला होता. त्यांनी अंगठ्याचे नख दाबून सोडले. पांढरे पडलेले नख साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवे, ते बराच वेळ तसेच राहिले. हवालदारांकडे कातरी नव्हती. वॉकीटॉकीवरून त्यांनी सोडवण्याची परवानगी मागितली आणि उत्तर आले की मैदानात पोचल्यावर पाहू. उत्तर देणाऱ्यापुढे तो हात नव्हता, आणि बस किती वेळ अडकणार हेही त्याला कळलेले नव्हते.

हवालदार थोडा वेळ थांबले. मग त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर निर्णय घेतला आणि एसटीच्या चालकाकडून हत्यारांच्या पेटीतली पक्कड मागून घेतली. पट्टीखाली काहीही घालायला जागा उरलेली नव्हती. म्हणून त्यांनी कातडीच्या बाजूला हात न घालता, बाहेर आलेल्या कुलपाच्या ठोकळ्यालाच पकडीच्या कापत्या कडेत धरले आणि तो तीन-चार प्रयत्नांत फोडला. मनगटावर एक ओरखडा उमटला, त्याहून अधिक काही नाही. घाईत ब्लेड किंवा चाकू वापरला असता तर तळव्याच्या बाजूच्या रक्तवाहिन्यांना इजा होण्याचा धोका होता. पुढच्या दहा मिनिटांत त्यांनी त्याच पकडीने केबल टाय लावलेल्या बाकीच्यांचेही हात सोडवले. मोकळे झाल्यावर कुणीही खिडकीकडे धावले नाही. एकाने पाण्याची बाटली मागितली आणि ती सगळ्यांत फिरली.

परवानगी नाकारलेली असताना हवालदारांनी हे केले, हा नंतर वादाचा मुद्दा झाला. मला त्यांचा निर्णय निःसंशय योग्य वाटतो. ताब्यातील माणसाच्या प्रकृतीची व सुरक्षिततेची काळजी घेणे हे ज्याच्या ताब्यात तो आहे त्याचे कर्तव्य आहे, असे अटकेबाबत कायदा सांगतो; मग केवळ हटवून नेलेल्या माणसाबाबत ते कर्तव्य कमी कसे होईल? बसमध्ये तो ताबा हवालदारांचा होता.

परिणाम

मैदानात सगळ्यांना सोडवून नावे लिहून घेतली आणि संध्याकाळी घरी जाऊ दिले. त्या गृहस्थांना सिव्हिल हॉस्पिटलमध्ये नेले. डॉक्टरांनी दोन्ही मनगटांवरील वळ, सूज आणि अंगठ्यांमागची बधिरता नोंदवली. रक्ताभिसरण लगेच सुधारले. बधिरता अनेक आठवडे टिकली. डाव्या हाताची संवेदना पूर्ण परत आली, उजव्या अंगठ्यामागे एक पट्टा बधिरच राहिला. ते दूध काढण्याचे काम करणारे होते आणि हा हात त्यांच्या रोजच्या पोटापाण्याचा होता.

त्यांनी तक्रार केली. चौकशीत पहिली अडचण अशी आली की त्यांना नेमके कुणी बांधले हे सांगता येईना. पोलादी बेडी अंमलदाराच्या नावावर दिलेली असते, तिची नोंद असते. पट्टी गठ्ठ्यातून काढली, बांधली आणि कापून टाकली की तिचा मागमूस राहत नाही. बांधण्याची वेळ स्टेशन डायरीत नव्हती, कारणे नव्हती, आणि कापलेले तुकडे कचऱ्यात गेले होते. चौकशी शेवटी व्हिडिओ चित्रीकरण आणि एसटी चालकाचा जबाब यांवर उभी राहिली.

अशा घटना इतरत्रही घडल्या आहेत. २००४ च्या ऑगस्टअखेरीस न्यूयॉर्कमध्ये रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनाच्या काळात पोलिसांनी १,८०० हून अधिक लोकांना पकडले, प्लास्टिकच्या पट्ट्या बांधल्या आणि त्यांतील अनेकांना हडसन नदीकाठच्या, पूर्वी बसडेपो असलेल्या पिअर ५७ या इमारतीत ठेवले. घट्ट पट्ट्यांमुळे हात बधिर झाल्याच्या तक्रारी तिथेही आल्या. अटका आणि कोठडीतील हाल यांबद्दलचे दावे मिटवण्यासाठी शहराने २०१४ मध्ये सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. तिथेही पकडलेल्यांची संख्या मोठी होती आणि पुढची प्रक्रिया रेंगाळली होती. कमी वेळासाठी बनवलेले साधन लांबलेल्या वेळेवर वापरले गेले की ते इजा करू लागते.

वेगळे काय करता आले असते

सगळ्यात आधी, झटापट करणारे आणि बसलेले यांची फाटकाशीच विभागणी व्हायला हवी होती. चार-पाच जणांना पिंजरा गाडीत बसवून बाकीच्यांना उचलून बसमध्ये नेण्यास कदाचित अर्धा तास अधिक लागला असता. मनुष्यबळ कमी होते हे खरे, परंतु सगळ्या पुरुषांना बांधण्यातही अंमलदार गुंतलेच होते.

बांधायचेच ठरले असते, तरी वयस्कर आणि आजारी माणसांना वगळणे किंवा निदान त्यांचे हात पुढे बांधणे शक्य होते. बांधण्यापूर्वी ‘शुगर, बीपी, हाताचं ऑपरेशन?’ एवढ्या तीन गोष्टी विचारायला काही सेकंद लागतात. बांधलेल्या माणसाला पालथे पाडून ठेवू नये, पडला तर लगेच कुशीवर वळवून बसते करावे, ही काळजी या घटनेत घेतली गेली आणि त्याचे श्रेय पथकाला द्यायला हवे, कारण पालथ्या स्थितीत श्वास कोंडून माणसे दगावली आहेत.

कातरी जीपमध्ये असणे ही मला सर्वांत गंभीर उणीव वाटते. बसला आग लागली असती किंवा अपघात झाला असता, तर पाठीमागे हात बांधलेली माणसे तिथे अडकली असती आणि त्यांना सोडवण्याचे साधन चौकाच्या पलीकडे राहिले असते. ज्या वाहनात बोथट नाकाची कातरी नाही त्या वाहनात बांधलेला माणूस चढवू नये, हा नियम निरपवाद असावा.

नंतरचे बदल

चौकशीनंतर लेखी सूचना निघाल्या. केबल टाय वापरण्यास पूर्ण मनाई झाली. पट्ट्या सावलीत, बंद पाकिटात ठेवायच्या आणि एकदा ओढलेली पट्टी पुन्हा वापरायची नाही, असे ठरले. बांधणाऱ्याने पट्टीच्या शेपटावर न पुसणाऱ्या पेनाने आपला बक्कल क्रमांक आणि वेळ लिहायची. बांधल्याबरोबर एकदा आणि नंतर दर पंधरा मिनिटांनी बोट घालून, नख दाबून हात पाहायचा. तक्रार आली तर वाट न पाहता कापायची आणि गरज असेल तरच नवी बांधायची, हेही ठरले. कापण्याचा अधिकार आता त्या वाहनातील सर्वांत ज्येष्ठ अंमलदाराला आहे आणि त्यासाठी वॉकीटॉकीवर परवानगी लागत नाही.

कातरी ताब्यातील माणूस हिसकावून घेईल, म्हणून ती केवळ अधिकाऱ्याकडे ठेवावी, अशी एक सूचना चर्चेत आली होती. ती मान्य झाली नाही हे चांगले झाले. आता प्रत्येक वाहनात दोन कातऱ्या असतात, एक ज्येष्ठ अंमलदाराच्या खिशात आणि एक चालकाजवळच्या प्रथमोपचार पेटीत.

नोंदवहीत प्रत्येक माणसापुढे ‘बांधण्याचे कारण’ असा रकाना आला आहे. पुढच्या काही बंदोबस्तांच्या नोंदी पाहिल्या तेव्हा पट्ट्यांचा वापर बराच उतरलेला दिसला, परंतु जिथे त्या वापरल्या तिथे सगळ्यांपुढे एकच वाक्य खालपर्यंत उतरवलेले आढळले: ‘पळून जाण्याची शक्यता.’ पर्यवेक्षक अधिकाऱ्याने अशी वही सही न करता परत पाठवावी आणि प्रत्येक नावापुढे त्या माणसाने काय केले ते लिहून मागावे, असा प्रस्ताव सध्या विचाराधीन आहे.